एकाच ताग्यातले दोन कोट

माझे सासरे दर हिवाळ्यात एक निळा कोट घालतात. दिवाळी सरली, सकाळी अंगणात जरा गार वाटायला लागलं, की ते कपाट उघडतात, कोट झटकतात आणि अंगात घालून चहाला बसतात. संक्रांतीनंतर ऊन तापायला लागतं तरी कोट अंगावरच. जालन्यात कोट घालायचे दिवस मुळात थोडे, पण ते पुरेपूर वसूल करतात. त्या कोटाला आमच्या घरात एक नावही आहे. ‘हलक्यातलं कापड.’ माझ्या माहेराहून आलेलं हलक्यातलं कापड. नावं ठेवायची आणि अंगातून काढायचं नाही, ही कला मी सासरी येऊन पाहिली.

ते कापड मी निवडलं होतं, आणि ते हलकं नव्हतं. हे मी लग्न झाल्यापासून मनातल्या मनात म्हणत आले. आता लिहूनच टाकते.

लग्नाआधी बी.ए. करता करता मी नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका कापडाच्या दुकानात कामाला होते. मालकांनी मला साड्यांना बसवलं होतं, कारण बाई म्हटली की साडी. माझा जीव मात्र समोरच्या सुटिंगच्या फळ्यांवर. गिऱ्हाईक नसलं की मी तिकडे जाऊन तागे चाचपत बसायचे. लोक कोटाचं कापड डोळ्यांनी घेतात. ट्यूबलाइटखाली जे चमकतं ते भारी, एवढीच अक्कल. खरं तर ते हातानं घ्यायचं असतं. मुठीत आवळायचं आणि सोडून द्यायचं. चुरगळ धरून बसलं तर परत फळीवर. खांद्यावर टाकून कसं पडतं ते बघायचं. गुळगुळीत कापड अंगावर नुसतं निसटतं. जरा वीण हाताला लागणारं, वरून मऊ असलेलं कापड अंगाला धरून राहतं. आणि शेवटी ते मनगटाच्या आतल्या बाजूला घासायचं, कारण बोटं कामानं निबर होतात, मनगट होत नाही. ही शेवटची खूण मला दुकानात कोणी शिकवली नाही. ती बाबांवरून सुचली.

बाबा एसटीत कंडक्टर होते. जन्मभर खाकी. जाडंभरडं कापड, उन्हाळ्यात घामानं भिजून वाळलं की कॉलर पत्र्यासारखी व्हायची. मानेवर एक काळी रेघ पडलेली, ती रिटायर झाल्यावरही गेली नाही. ड्यूटीवरून शहागडला घरी आले की आधी शर्ट काढायचे आणि आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मानेवर घेऊन बसायचे. आमच्या भिंतीवर जी तसबीर आहे तिच्यात निळा कोट आहे. आमच्या समाजात कोट म्हणजे काही नुसतं थंडीचं कापड नव्हे, हे वेगळं सांगायला नको. बाबांना आयुष्यात एकदा तसा कोट घालायचा होता. त्यांची एक अट होती, आणि ती ते जरा लाजत सांगायचे. म्हणायचे, “मऊ पाह्यजे बाई. टोचणारं लई घातलं.”

माझं लग्न ठरलं आणि त्यांच्या कोटाला मुहूर्त मिळाला. सासरे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, नवीन जालन्यात स्वतःचं घर. नवरा बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात. घर शिकलेलं, बोलणं तोलूनमापून. बाबांना एवढं मोठं ठिकाण मिळाल्याचं अप्रूप होतं आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. मला तेव्हाही त्याचा राग यायचा.

आमच्याकडे बस्त्याची रीत आहे. लग्नाचे सगळे कपडे दोन्हीकडची माणसं एकत्र बसून एकाच दुकानातून काढतात. आमच्या नात्यागोत्यात त्याला आणखी एक जोड आहे. दोघा व्याह्यांचे कोट एकाच ताग्यातून फाडायचे आणि एकाच शिंप्यानं एकाच बैठकीला कापायचे. कापड मुलीकडचं, शिंपी मुलाकडचा. मग व्याहीभेटीला दोघं एकाच कापडात एकमेकांना मिठी मारतात. दोन घरं एक झाली असा त्याचा अर्थ. अर्थ सगळ्याच रीतींचे छान असतात.

बस्ता माझ्याच दुकानात काढायचं ठरलं. पांढऱ्या गाद्यांवर माणसं मांडी ठोकून बसली, चहा आला, दुकानातली पोरं तागे उलगडून फेकायला लागली. नवरीनं अशा वेळी मान खाली घालून बसायचं असतं. मी बसले. नवऱ्याच्या सुटाला त्याच्या मित्रांनी असं चकचकीत कापड पसंत केलं की त्याच्यात तोंड दिसावं. तेही मी चालवून घेतलं. पण व्याह्यांच्या कोटाची वेळ आली आणि नवऱ्याची आत्या तसल्याच चमकत्या ताग्याकडे हात करायला लागली, तेव्हा मला राहवेना. मी उठले आणि खालच्या फळीवरून तो निळा तागा स्वतः काढून आणला. लोकरीची मिसळ, बारीक तिरपी वीण बोटाखाली लागणारी, आणि वर आखूड मऊ लव. दिसायला साधा. हातात घेतला की सोडवू नये असा.

बाबांनी मनगट घासून बघितलं. मग परत एकदा घासलं. सासऱ्यांनीही हात फिरवला, खाली वर, पुन्हा खाली वर, आणि म्हणाले, “हे बराबर आहे. बिलकुल असंच पाह्यजे.” हे त्यांचे शब्द. मी तिथंच त्यांना कापडाची एक गोष्ट दाखवली. लवीच्या कापडाला उलटं-सुलटं अंग असतं. लव वरच्या बाजूला, म्हणजे कॉलरकडे, ठेवून कापलं तर रंग गडद, भरीव दिसतो. खालच्या बाजूला ठेवून कापलं तर तोच रंग पांढुरका पडतो. म्हणून दोन्ही कोट एकाच अंगानं कापायला सांगा, कापड थोडं जास्त जातं, तेवढं आम्ही घेतलंय. सासरे म्हणाले, आमचा मास्टर जुना आहे, त्याला कळतं. मालकांनी कापड फाडलं. बाबांनी ते घडी करून दोन्ही हातांनी सासऱ्यांकडे दिलं.

लग्न अंबडला झालं. वंदना झाली, फुलं पडली, आणि मग स्टेजवर व्याहीभेट. व्हिडिओवाल्यानं दिवा लावला. एकीकडून बाबा आले, एकीकडून सासरे. मी तिथंच खुर्चीवर बसलेले. दोघांनी मिठी मारली. बाबांचा कोट गडद निळा, त्या तसबिरीतल्यासारखा. सासऱ्यांचा तोच निळा, पण दिव्याखाली राख फासल्यागत. एकाच ताग्यातले दोन कोट, आणि बघणाऱ्याला वाटावं एक नवा आणि एक वापरून धुतलेला. मला त्याच क्षणी कळलं की सासऱ्यांच्या कोटाची लव खालच्या बाजूला गेली आहे. पण स्टेजवर नवरीचं कोण ऐकणार. आत्याबाई मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, “पोरीच्या बापानं सोतासाठी भारी काढलं आन् व्याह्याला हलक्यातलं.”

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते एका शब्दात सांगू शकले असते. दुकानात हात धरून शिकवावं तसं मी ते त्यांना समजावलं होतं. ते जरासे हसले आणि खाली उतरले. खाली नणंदेचे मिस्टर उभे होते, त्यांच्या अंगात त्याच कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट होतं. मला वाटलं, उरलेल्या तुकड्यातून शिवलं असेल. शिंप्यानं चूक केली, आता घरी गेल्यावर निवांत सांगू, असं मी मनाशी ठरवलं.

निवांतपणा काही आला नाही. तोवर कापडाची गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत फिरली होती. पहिल्यांदा माहेरी न्यायला बाबा आले तेव्हा बैठकीत सासरची दहाबारा माणसं होती. बाबा तोच कोट घालून आले होते. घालणारच, तेवढी एकच चांगली गोष्ट होती त्यांच्याकडे. आत्याबाईंनी विषय काढला. कंडक्टरची नोकरी, सुट्टे पैसे, तिथपर्यंत बोलून झालं. मी दारातून म्हणाले, कापड एकच आहे, शिंप्यानं उलटं कापलंय, आत्ता दाखवते. आत्याबाईंनी मला आत जायला सांगितलं. आणि बाबा उठले. त्या मऊ कोटाच्या बाह्या मागे सारून त्यांनी माझ्या सासऱ्यांपुढे हात जोडले.

“कापड एकाच ताग्याचं व्हतं साहेब,” ते म्हणाले. “पण आमचंच चुकलं असंल काही. माफी असावी. पोरीला बोलू नका.”

सासरे म्हणाले, बसा बसा. नवरा त्यांच्या शेजारी मूग गिळून बसला होता.

बसमध्ये बाबांनी कोट काढला आणि मांडीवर घडी करून ठेवला. थंडी होती, खिडकीची काच बंद होत नव्हती, तरी त्यांनी तो परत अंगात घातला नाही. त्यानंतर कधीच घातला नाही. आईनं लिंबाचा पाला घालून लोखंडी पेटीत ठेवून दिला. भावाच्या लग्नाला काढू म्हटलं तर म्हणाले, नको, मला कोट शोभत न्हाई. मला एवढं लागलं ते वाक्य की मी चुलीपुढून उठून मागच्या दारी गेले.

आणि इकडे हे! दर हिवाळ्यात तो कोट. भाजी अळणी झाली तरी हलक्यातलं कापड, मी नोकरीसाठी दिलेली परीक्षा पहिल्या फेरीत निघाली नाही तरी हलक्यातलं कापड. कौतुकानं, हसत हसत, पाहुण्यांसमोर. एकदा मी नवऱ्याला खोलीत बोलावून तो कोट उलटा टांगला, खालचा काठ वर आणि कॉलर खाली, शेजारी मुक्कामाला आलेल्या नणंदेच्या मिस्टरांचं जाकीट सरळ टांगलं. दोन्ही एकाच रंगाचे झाले. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथं तर मी आरसा नाकासमोर धरला होता. नवऱ्यानं बघितलं. त्याचा चेहरा जरा पडलाही. मग म्हणाला, “जाऊ दे न. त्यांना आता ह्या वयात काय सांगायचं.” मला वाटलं बापाची भीड आहे. मी सगळा राग त्या शिंप्यावर काढत राहिले. मनातल्या मनात त्याच्या कात्रीला किती शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही.

यंदा नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. आजोबांना कोट हवा, मामाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हवा. सासरे आता थकलेत, कोपरं झिजलेला तो जुना कोट अंगात घालून एके सकाळी माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, कापड तू निवड, तुला कळतं, अगदी ह्याच्यासारखं मऊ बघ, दुसरं काही मला टोचतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला कळतं म्हटलं. मी गेले आणि निवडलं. चांगलंच निवडलं. वाईट निवडायचं मनात आलं होतं, पण हातानं ऐकलं नाही. राखी रंगाचं, बारीक दाणेदार विणीचं, लव तशीच आखूड. मग आम्ही तिघं, सासरे, नवरा आणि मी, त्याच मास्टरकडे गेलो. तो माझ्यापुढे पहिल्यांदाच आला. म्हातारा झालेला, गळ्यात टेप, आवाज गोड.

त्यानं कापड टेबलावर पसरलं, हात फिरवला आणि लव कुठं जाते ते बघितलं. “मस्त माल हाय,” म्हणाला. मग सासऱ्यांकडे बघून सहज, काहीच मनात न ठेवता, विचारलं, “ह्या टायमाला सगळं एकाच अंगानं कापतो न साहेब? का मागल्यासारखं कोणाचं जाकीट काढायचंय?”

दुकानात पंखा फिरत होता. मी विचारलं, “मागल्यासारखं म्हणजे कसं, मास्टर?”

“तुमच्या लग्नात न ताई. कापड दोन कोटांचं आल्तं. साहेब म्हणले, जावयाचं जाकीट बी बसव त्याच्यातच. मी म्हणलं, मंग तुमचा कोट उलटा घालावा लागंल, फिका दिसंल. तर म्हणले, दिसू द्या, कोण बघतं.” त्यानं नवऱ्याकडे बोट केलं. “हे बी व्हते की इथंच. माप द्यायला आल्ते.”

तर असं होतं ते. सुनेच्या माहेरच्या कापडातून जावयाला गुपचूप जाकीट काढलं, हे चारचौघांत कसं सांगायचं? त्यापेक्षा व्याही हलका ठरलेला बरा. चोराच्या उलट्या बोंबा मी आजवर ऐकल्या होत्या. इथं चोरानं बोंबही मारली नव्हती. दुसरे बोंबलत होते आणि हा गप्प बसून हसत होता. आणि माझा नवरा. मी त्याच्यापुढे कोट उलटा टांगून दाखवत होते, आणि त्याला ते माझ्याआधीपासून ठाऊक होतं. त्याचा चेहरा का पडला होता ते मला आता कळलं. त्यानं मोबाइल काढला आणि त्याच्यात बघायला लागला.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मी म्हणाले, “मामा, माझ्या बापानं हात जोडले तेव्हा तुम्ही समोर बसले होता.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, लाजही नव्हती. “त्यांनी जोडले,” ते म्हणाले. “आम्ही कुठं म्हणलो जोडा म्हणून?”

मी तशीच बाहेर पडले. नवरा मागून हाका मारत होता, लोक बघतात म्हणत होता. रिक्षा केली, स्टँडवर आले आणि शहागडच्या बसमध्ये बसले. वाटेत अंबड गेलं, सोयाबीन काढून मोकळी पडलेली रानं गेली, आणि मी सगळं जुळवत होते. काय बोलायचं, कोणासमोर बोलायचं. लग्नात व्याहीभेटीच्या वेळी बोलायचं. त्याच सोयऱ्यांसमोर, आत्याबाईंसमोर, मास्टरला उभा करून. बाबांना तो निळा कोट घालून पहिल्या ओळीत बसवायचं आणि मग बोलायचं. मला खात्री होती की बाबांचा चेहरा उजळेल. मी एवढी वर्षं त्याच चेहऱ्याची वाट बघत होते.

बाबा रस्त्याकडेला टपरीच्या बाकड्यावर बसले होते. रिटायर झाल्यापासून तिथंच बसतात, येणारी जाणारी गाडी बघत. मला अचानक आलेली बघून घाबरले. घरी नेलं, पाणी दिलं. मी आईसमोर सगळं सांगितलं. जाकीट, उलटी लव, मास्टरचं बोलणं, मामांचं बोलणं. आईनं तोंडाला पदर लावला. बाबा ऐकत राहिले. त्यांची बोटं मानेवरच्या त्या काळ्या रेघेवर फिरत होती.

मी पेटी उघडली आणि कोट काढला. पाल्याचा वास होता, पण कापडाला काही झालं नव्हतं. तसाच गडद, तसाच मऊ. घाला, म्हटलं. त्यांनी अंगात घातला. खांदे ढळले होते, आतला माणूस लहान झाला होता. त्यांनी बाहीवर मनगट घासलं, त्या दिवशी दुकानात घासलं तसं, आणि मला वाटलं आता ते हसतील.

“लग्नात बोलू नको,” ते म्हणाले.

मी चिडले. म्हटलं, बाबा, तुम्ही चोर नव्हता हे सगळ्यांना कळायला नको का?

“त्या पोरीचं लग्न हाय. तिचा काय गुन्हा? तिच्या मांडवात कापडावरून तोंड वाजलं तर तिला सासरी जन्मभर तेच ऐकावं लागंल.” त्यांनी बाही सारखी केली. “तुला ऐकावं लागलं तसं.”

“मग तुमचं काय?” मी विचारलं. “तुमचं तसंच राहू द्यायचं?”

त्यांनी कोट काढला. एक बाही, मग दुसरी, कापडाला ओढ बसू नये अशा बेतानं.

“माझं काय आता, बाई. हात तर जोडून झाले.”

त्यांनी कोटाची घडी केली आणि पेटीत ठेवायला माझ्याकडे दिली.